अकरा जणांचा मजकूर एका फाइलमध्ये जोडायचाय, वर्डमध्ये वेळ वाचवायच्या युक्त्या सांगा

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. संस्थेचा वार्षिक अहवाल जुळवायचं काम या वर्षी माझ्याकडे आलंय, साधारण 120 पानं होतील. अकरा जणांनी मजकूर पाठवलाय, कोणी वर्डमध्ये, कोणी मेलमध्येच टाइप करून, दोघांनी पीडीएफ. मी सगळं एका फाइलमध्ये चिकटवलं आणि दोन अख्ख्या संध्याकाळी नुसत्या ओळी जोडण्यात गेल्या, कारण मेलमधून आणलेल्या मजकुरात प्रत्येक ओळ मध्येच तुटते, मग मी ओळीच्या शेवटी कर्सर नेते, डिलीट दाबते, स्पेस देते, की पुढची ओळ. मनगट भरून आलं आणि अजून पान 14 वरच आहे. त्यात प्रत्येकाचा फाँट वेगळा, मथळे कोणी बोल्ड केलेत कोणी अधोरेखित, आणि अनुक्रमणिका मी हाताने टिंबं मारून केली होती ती मध्ये एक फोटो टाकल्याबरोबर सगळी चुकली.

मला कॉपी, पेस्ट आणि अनडू एवढंच येतं. नेटवर पन्नास-पन्नास शॉर्टकटच्या याद्या आहेत पण त्या वाचून काही लक्षात राहत नाही. तुम्ही रोज वापरता त्यातल्या खरोखर कामाच्या दोन-चार गोष्टी सांगाल का?

समास_सोडून

ताई, हाताने ओळी जोडणं आधी थांबवा. हे काम फाइंड अँड रिप्लेसचं आहे, कंट्रोल-एच. वर्डमध्ये एंटरसुद्धा शोधता येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शोधायच्या खान्यात ^ हे टोपीसारखं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा पी लिहायचा, म्हणजे एंटर. मी इथे ^पी लिहितो पण तुम्ही इंग्रजी अक्षरच टाइप करा, आणि त्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर न्या, नाहीतर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट-6 ला त्र उमटतो.

सगळ्यात आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा. मग फक्त त्या मेलमधून आलेला भाग सिलेक्ट करा, आणि

1. ^पी^पी शोधा, त्या जागी @@@ टाका. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असते, म्हणजे लागोपाठ दोन एंटर, तिथे ही खूण बसते.
2. आता उरलेले एकेकटे ^पी शोधून त्या जागी एक स्पेस. सगळ्या तुटक्या ओळी जोडल्या जातात.
3. शेवटी @@@ शोधून त्या जागी ^पी. परिच्छेद परत वेगळे होतात.

मग दोन स्पेस शोधून एक स्पेस टाका, आणि एकदा करून थांबू नका, रिप्लेस ऑल परत परत दाबा, आकडा शून्य येईपर्यंत. दर वेळी वर्ड विचारेल की बाकीच्या फाइलमध्येपण शोधू का, तेव्हा नो म्हणा, नाहीतर यादी, पत्ते, कविता जे काही ओळीनिहाय आहे ते सगळं एका ओळीत येऊन बसेल.

जिथे परिच्छेदांमध्ये रिकामी ओळच नाही तिथे मशीनला कळणार नाही परिच्छेद कुठे संपला. अशा ठिकाणी वाचत वाचत प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी @@@ स्वतः टाइप करा आणि मग पायरी 2 आणि 3 करा, पानाला पाच-सहा खुणा टाकणं हे चाळीस ओळी जोडण्यापेक्षा खूपच कमी काम आहे.

शाईचा_डाग

अगदी तुम्ही सांगितलं तसंच केलं, कीबोर्डपण इंग्रजीवर नेला. पण एका लेखाला काहीच होत नाहीये, ^पी^पी शोधलं तरी शून्य आणि नुसता ^पी शोधला तर नऊच सापडले, ओळी तर दीडशेच्या वर तुटलेल्या दिसतायत. दुसऱ्या दोन लेखांना मात्र लगेच जमलं, पाच मिनिटांत झालं, विश्वास बसेना.

रात्रपाळी

कंट्रोल-शिफ्ट-8 दाबा. (होम टॅबवर ¶ असं बटण असतं तेच.) न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतील: स्पेसच्या जागी बारीक टिंब, टॅबच्या जागी बाण, एंटरच्या जागी ¶. तुमच्या त्या लेखात ओळीच्या शेवटी ¶ नसणार, डावीकडे वळलेला छोटा बाण असणार. तो शिफ्ट-एंटर आहे, म्हणजे ओळ तोडली पण परिच्छेद तोच. वेबवरून किंवा मेलमधून चिकटवलं की असे हमखास येतात. त्याच्यासाठी ^ आणि इंग्रजी छोटा एल.

तुमचे नऊ ^पी म्हणजे बहुतेक खरे परिच्छेदच आहेत. तसं असेल तर @@@ वगैरे काही लागणारच नाही, ^एल शोधा, स्पेस टाका, एका फटक्यात काम.

आणि या खुणा दिसत ठेवूनच काम करायची सवय लावा असं मी कळकळीने सांगेन. आधी डोळ्याला खुपतात, दोन दिवसांनी त्याच बऱ्या वाटतात. पान का ढकललं गेलं, रकाना का सरकला, याचं उत्तर तिथे समोर दिसतं: कोणीतरी पुढच्या पानावर जायला सतरा एंटर मारलेत, कोणी तारीख उजवीकडे न्यायला तीस स्पेस दिल्यात. नवीन पानासाठी कंट्रोल-एंटर आहे, एकच खूण पडते आणि वर कितीही मजकूर वाढला तरी हलत नाही.

कोणी लिब्रेऑफिस रायटर वापरत असेल तर तिथे ^पी चालत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशन्सचा चौकोन टिक करायचा आणि ^$ शोधायचं, म्हणजे रिकामे परिच्छेद सापडतात. बदलायचा खाना रिकामा ठेवून रिप्लेस ऑल केलं की ते गेले.

खोडरबर

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त शब्द बदलताना रिप्लेस ऑल जपून वापरा. मराठीत तर फारच जपून. आमच्याकडे एका इतिवृत्तात ठरलं की ‘सभा’ च्या ऐवजी सगळीकडे ‘बैठक’ करायचं. मी रिप्लेस ऑल दाबलं, 60 च्या आसपास बदल झाले, फाइल पाठवून दिली. छापून आल्यावर बघतो तर ‘सभासद’ चा ‘बैठकसद’ झालेला आणि ‘सभागृहात’ चं ‘बैठकगृहात’. आणि गंमत म्हणजे जिथे खरोखर बदलायला हवं होतं ते ‘सभेत’, ‘सभेला’, ‘सभेचा’ जसंच्या तसं, कारण शब्दाला प्रत्यय लागला की ‘सभा’ चं ‘सभे’ होतं आणि मशीन ‘सभा’ शोधत होतं. सगळ्या प्रती परत छापाव्या लागल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी असं करतो. आधी ‘सभे’ शोधून ‘बैठकी’, म्हणजे सभेत चं बैठकीत, सभेला चं बैठकीला आपोआप होतं. मग ‘सभां’ शोधून ‘बैठकां’. आणि नुसतं ‘सभा’ सगळ्यात शेवटी, ते मात्र फाइंड नेक्स्ट, बघ, रिप्लेस, फाइंड नेक्स्ट असं एकेक करत, कारण तिथे सभासद पण येणार आणि ‘तीन सभा झाल्या’ पण येणार जिथे ‘बैठका’ हवं.

अजून एक मराठीतली अडचण. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ असले शब्द दोन प्रकारे टाइप होतात, काही जण ऱ वापरतात, काही जणांच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एक शोधला की दुसरा सुटतो. अकरा जणांनी टाइप केलंय म्हणजे दोन्ही असणारच. म्हणून शोधायचा शब्द स्वतः टाइप करण्यापेक्षा मजकुरातूनच कॉपी करून खान्यात चिकटवा, आणि दोन वेगवेगळ्या लेखांतून कॉपी करून दोनदा शोधा.

पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीवर वेळ घालवू नका. वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, दुरुस्त करण्यापेक्षा त्या दोघांकडून मूळ फाइल मागवून घ्या.

पानोपान

माझ्या मते यातली सगळ्यात मोठी बचत शॉर्टकटमध्ये नाहीये, स्टाइल्समध्ये आहे, आणि ताईंच्या 120 पानांना तर तेच हवंय. शॉर्टकटने सेकंद वाचतात, स्टाइलने संध्याकाळ वाचते.

मथळ्यावर कर्सर ठेवा आणि कंट्रोल-ऑल्ट-1 दाबा, तो हेडिंग 1 झाला. उपमथळ्याला कंट्रोल-ऑल्ट-2. आत्ता तो निळा किंवा भलताच दिसेल, दिसू दे. सगळे मथळे असे लावून झाले की स्टाइल एकदाच बदलायची (तिच्यावर राइट क्लिक, मॉडिफाय), सगळे मथळे एकदम बदलतात. मराठीसाठी तिथे फाँटच्या डायलॉगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून वेगळा भाग असतो, देवनागरीचा फाँट आणि आकार तिथून ठरतो. वरच्या लॅटिनच्या खान्यात कितीही बदल केले तरी मराठी अक्षर हलत नाही आणि लोक वैतागून हाताने फाँट लावायला लागतात.

मथळे लागले की रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका आपोआप बनते. फोटो टाका, पानं वाढवा, शेवटी तिच्यावर क्लिक करून एफ-9 दाबा, पानांचे आकडे जागेवर. टिंबंसुद्धा तीच मारते. आणि व्ह्यूमधलं नॅव्हिगेशन पेन उघडलं की डावीकडे सगळे मथळे दिसतात, मथळा धरून वर-खाली ओढला की त्याच्याखालचा अख्खा विभाग बरोबर जातो. अध्यक्षांचं मनोगत आधी की हिशेब आधी हा घोळ शेवटच्या दिवशीपर्यंत चालतोच, तेव्हा याचा उपयोग कळतो.

दुसऱ्यांच्या बोल्ड, रंग, फाँट यांचा कचरा घालवायला मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेस, अक्षरांवरचं हाताने केलेलं सगळं जातं. कंट्रोल-क्यू ने परिच्छेदाचं, म्हणजे अंतर, समास वगैरे. बोल्ड मुद्दाम ठेवलेलं असेल तर तेही जाईल एवढं बघा.

रात्रपाळी

पानोपान यांना पूर्ण अनुमोदन. त्यात भर म्हणून, यापुढे चिकटवतानाच साधा मजकूर चिकटवा म्हणजे कचरा येणारच नाही. कंट्रोल-व्ही केल्यावर लगेच कंट्रोल एकदा दाबून सोडा आणि टी दाबा. नवीन वर्डमध्ये थेट कंट्रोल-शिफ्ट-व्ही चालतं, गूगल डॉक्समध्येही तेच.

बाकी मी दिवसभर वापरतो ते एवढंच: एफ-4 ने आत्ताच केलेली कृती परत होते. ऑल्ट-शिफ्ट आणि वरचा-खालचा बाण, परिच्छेद कट न करता सरकतो. शिफ्ट-एफ-5 ने शेवटचा बदल जिथे केला तिथे परत जाता येतं, 80 व्या पानावरून वर काहीतरी बघायला गेलो की मला हे फार उपयोगी पडतं.

समास_सोडून

एफ-8 पण सांगा की. एकदा दाबलं की सिलेक्शन चालू, दोनदा शब्द, तीनदा वाक्य, चारदा परिच्छेद. माउस लागत नाही. फक्त काम झालं की एस्केप दाबा, नाहीतर तो मोड चालूच राहतो.

मोडवरून आठवलं, 1970 च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम होता, त्यात टाइप करण्याचा मोड वेगळा आणि आज्ञांचा वेगळा. आज्ञांच्या मोडमध्ये असताना कोणी चुकून एडिट हा शब्द इंग्रजीत टाइप केला तर ई म्हणजे सगळं सिलेक्ट, डी म्हणजे डिलीट, आय म्हणजे इन्सर्ट, आणि उरलं काय तर एकटं टी. अख्खा मजकूर गायब. तिथेच लॅरी टेस्लर यांनी टिम मॉट यांच्यासोबत जिप्सी हा एडिटर केला, त्यात हे मोड काढून टाकले आणि आज आपण वापरतो ते कट, कॉपी, पेस्ट तिथून रुळलं. टेस्लर 2020 मध्ये गेले. रोज शंभर वेळा आपण कंट्रोल-सी दाबतो, त्या माणसाचं नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

शाईचा_डाग

सगळ्यांचे मनापासून आभार. वळलेला बाणच निघाला त्या लेखात, ^एल ने 163 जागा बदलल्या. मथळे सगळे लावून झाले, 34 आहेत, अनुक्रमणिका बनली. मराठी फाँट खरंच त्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या खान्यातूनच बदलला, त्याआधी मी वीस मिनिटं वरच्याच खान्यात बदल करत बसले होते. पीडीएफवाल्या दोघांना मूळ फाइल पाठवा म्हणून मेल केलाय, एकीची आली.

आता ‘सभासद’ आणि ‘सदस्य’ सगळीकडे एकसारखं करायचंय. खोडरबर यांचं वाचून रिप्लेस ऑलवरचा हात काढलाय, आधी ‘सभासदां’, मग ‘सभासदत्व’, आणि राहिलेले एकेक बघत.

खोडरबर

‘आजीव सभासद’ तेवढं बदलू नका. तुमच्या नियमावलीत तो प्रकार त्याच नावाने असेल तर अहवालातही तसाच राहायला हवा.