एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) : शिकागो बेअर्स, ड्राफ्ट २०२४ (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) : नवव्या नंबरवर कोणाला घ्यावं?

तिसरा_डाउन
पहिल्या नंबरवर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) केलेब विल्यम्स येणार हे शेंबडं पोरही सांगेल. १६ मार्चला आपला जुना क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सची पिट्सबर्गला रवानगी झाली तेव्हाच तो विषय संपला. त्यामुळे विल्यम्सची नखं, त्याचे कपडे वगैरे चर्चा कृपया इथे नको.
प्रश्न नवव्याचा आहे. आपल्याकडे सगळे मिळून चारच पिक (निवडीचे हक्क) उरलेत : १, ९, ७५ आणि १२२. दुसऱ्या फेरीचा ४० वा नंबर मॉन्टेझ स्वेटपायी वॉशिंग्टनला गेला, चौथ्या फेरीतला एक कीनन ॲलनपायी चार्जर्सना, आणि पाचव्या फेरीचा रायन बेट्ससाठी बफेलोला. मग नवव्यावर रिसीव्हर (चेंडू झेलणारा), एज रशर (टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) की टॅकल (अशा रशरला अडवणारा)? की खाली सरकून पिक वाढवावेत? नाव द्या आणि कारणही द्या. 'जो सगळ्यात चांगला उरेल तो' एवढं लिहून कोणी पळू नये.

ऑल२२
आधी मोजणी करा, आवडनिवड नंतर.
आपल्या आधी आठ जण जाणार. त्यांत विल्यम्स, जेडन डॅनियल्स आणि ड्रेक मे हे तीन क्वार्टरबॅक नक्की धरा. जे. जे. मॅकार्थीसाठी मिनेसोटा वर येईल अशी जोरदार हवा आहे, आणि त्यांच्याकडे ११ आणि २३ असे दोन पिक आहेतच. तो आठच्या आत गेला तर चार क्वार्टरबॅक झाले. उरलेल्या चार जागांत इतर फक्त चार खेळाडू जातात. म्हणजे क्वार्टरबॅक सोडून केलेल्या यादीतला पाचवा तरी नवव्यावर आपल्याला मिळणारच, कोणी कितीही डोकं लढवलं तरी.
माझी यादी : रिसीव्हर मार्विन हॅरिसन ज्युनिअर आणि मलिक नेबर्स, टॅकल जो ऑल्ट, रिसीव्हर रोम ओडुन्झे, एज रशर डॅलस टर्नर. पहिले तिघे राहणार नाहीत. ॲरिझोनाला रिसीव्हर हवाय, जायंट्सना हवाय, टेनेसीला लेफ्ट टॅकल हवाय. अटलांटाने मार्चमध्येच कर्क कझिन्सला मोठा करार दिलाय, त्यामुळे ते आठव्यावर क्वार्टरबॅककडे बघणार नाहीत, एज रशर घेतील. तसं झालं तर आपल्यापुढे ओडुन्झे उभा असेल. डोळे झाकून घ्या.

शॉमबर्गवाली
ओडुन्झेला +१, पण डोळे उघडे ठेवून.
६ फूट ३ इंच, २१२ पौंड, ४० यार्ड ४.४५ सेकंदांत. २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाकडून ९२ झेल, १,६४० यार्ड, १३ टचडाउन. आकडे कोणीही वाचू शकतं, फिल्ममध्ये काय बघायचं ते सांगते. सीमारेषेजवळ उंच टाकलेला चेंडू येतो तेव्हा त्याचे हात बघा. चेंडू जवळ येईपर्यंत हात खालीच असतात, शेवटच्या क्षणी वर जातात. पाठीमागून धावणारा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) रिसीव्हरचे हात बघूनच उडी मारतो. हात उशिरा गेले की त्याची उडीही उशिरा पडते. हे सहजासहजी शिकवून येत नाही.
दुसरं, विल्यम्स चेंडू फार वेळ हातात ठेवतो. सरासरी तीन सेकंदांच्या वर. आखलेला मार्ग तोवर संपलेला असतो. मग जो रिसीव्हर जागेवर उभा न राहता क्वार्टरबॅक पळतोय त्या बाजूला परत येतो, तोच कामाचा. ओडुन्झे ते करतो.
आणि ॲलन आहे ना, असं म्हणू नका. तो या २७ एप्रिलला ३२ वर्षांचा होतोय, करार याच हंगामापुरता आहे. मूनी अटलांटाला गेला. डी. जे. मूरनंतर पुढच्या वर्षी कोण? टायलर स्कॉट?

टॅकलवाला
सगळ्यांना झेलणारा हवा, फेकणाऱ्याला उभं कोण ठेवणार? क्वार्टरबॅक चेंडू तीन सेकंदांच्या वर हातात ठेवतो हे तुम्हीच लिहिताय. मग आधी लगीन कोंडाण्याचं. आपला लेफ्ट टॅकल ब्रॅक्सटन जोन्स पाचव्या फेरीतून आला त्या मानाने सोन्यासारखा निघाला, पण ताकदवान रशर थेट छातीत घुसला की तो मागे रेटला जातो. गेल्या वर्षी मानेच्या दुखापतीने सहा सामने बाहेरही होता. ऑल्ट गेला असेल तर ओलू फशानू किंवा टालिएसे फुआगा घ्या.

ऑल२२
टॅकलवाला, फुआगा खेळाडू म्हणून मलाही आवडतो. पण ओरेगन स्टेटमध्ये तो राइट टॅकल होता, आणि आपल्या राइट टॅकलवर डार्नेल राइट आहे, गेल्याच वर्षी दहाव्या नंबरवर घेतलेला. दोघांपैकी एकाला डावीकडे हलवावं लागेल. कागदावर ते सोपं दिसतं. राइट टॅकल उजवा पाय मागे टाकत सरकतो, डावा पाय ढकलतो, बाहेरचा हात उजवा असतो. लेफ्टला हे सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. वर्षानुवर्षं मुरलेली सवय बदलताना पहिलं पाऊल अर्ध्या फुटाने कमी पडतं आणि कंबर लवकर वळते. कंबर वळली की रशरला आतली वाट मोकळी. काही जण जमवतात, पण पहिला हंगाम त्यातच जातो, आणि तोच नव्या क्वार्टरबॅकचाही पहिला हंगाम असणार.
फशानू मुळात लेफ्ट टॅकल आहे, त्याचं नाव पटतं. हात ३४ इंच, पाय हलके. तळहात मात्र साडेआठ इंचांचा, टॅकलसाठी फारच लहान. पकड सुटते ती तिथे. धावण्याच्या खेळीत समोरच्याला उचलून बाजूला फेकणं हे त्याचं काम नाही.
तरीही जोन्सचा करार २०२५ पर्यंत आहे आणि स्वस्तातला आहे. ती जागा तातडीची नाही.

पहाटे_साडेपाच
पुण्यातून विचारतोय, फटकारू नका. आयपीएलच्या लिलावासारखं पैसे जास्त लावून हॅरिसनच घेता येत नाही का?

शॉमबर्गवाली
नाही. इथे बोली नसते, रांग असते. गेल्या हंगामात ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट तो आधी, विजेता शेवटी. पहिला नंबर मुळात कॅरोलायनाचा होता. २०२३ मध्ये त्यांनी ब्राइस यंगसाठी आपला पहिला नंबर घेतला आणि बदल्यात मूर, त्या वर्षीचे ९ आणि ६१, २०२४ चा पहिल्या फेरीचा आणि २०२५ चा दुसऱ्या फेरीचा पिक दिला. ते सगळ्यात तळाला गेले आणि घबाड आपल्याला लागलं.
पगारही नंबराप्रमाणे जवळजवळ ठरलेला असतो. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून ही पद्धत आली. त्याआधी २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना न खेळता ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. आता सगळ्यांचे करार चार वर्षांचे असतात. पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षाचा पर्याय असतो, आणि तो वापरायचा की नाही हे संघ ठरवतो.

नेपरव्हिलकर
तुम्ही सगळे नवव्यावर एकच माणूस आणणार. चार पिकांत संघ उभा राहतो का? खाली सरका.
प्रत्येक पिकची किंमत गुणांत मांडणारा जिमी जॉन्सनचा जुना तक्ता घ्या. ९ = १,३५० गुण. लास व्हेगासकडे १३ (१,१५०) आणि ७७ (२०५) आहेत, बेरीज १,३५५. हिशेब चोख बसतो. न्यू ऑर्लिन्सकडे १४ (१,१००) आणि ४५ (४५०) आहेत. आपण ९ आणि ७५ (२१५) देऊन ते दोन्ही घेतले तर १,५६५ ला १,५५०. पंधरा गुणांचा तोटा, पण दुसरी फेरी परत मिळते. जेट्सना फक्त दहाव्यावरून नवव्यावर यायचं असेल तर फरक ५० गुणांचा, म्हणजे आपल्या १२२ एवढा एखादा चौथ्या फेरीतला पिक. नव्या पद्धतीचे तक्ते मधल्या फेऱ्यांना जास्त किंमत देतात, त्या हिशेबाने तर खाली सरकणाऱ्याचाच फायदा.
तेराव्या-चौदाव्यावर बचाव फळीतले जॅरेड व्हर्स, बायरन मर्फी, लायातू लातू यांपैकी एक जण हमखास असेल. स्वेटने गेल्या वर्षी वॉशिंग्टनकडून साडेसहा आणि आपल्याकडून सहा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) केले आणि दोन्ही संघांत अव्वल राहिला. अर्ध्या हंगामाला येऊन अव्वल! बाकीच्यांनी काय केलं ते यातच आलं.

ऑल२२
गणित बरोबर आहे, पण गिऱ्हाईक कुठून आणणार?
नवव्याची खरी किंमत जागेमुळे आहे. अकराव्यावर मिनेसोटा, बाराव्यावर डेन्व्हर, दोघांनाही क्वार्टरबॅक हवाय. लास व्हेगासला त्यांच्या पुढे उडी मारायची असेल तर नवव्याला किंवा दहाव्याला यावं लागेल. पण हे कधी? मॅकार्थी नवव्यापर्यंत उरला तर. आणि तो उरला याचा अर्थ आठांत इतर खेळाडू पाच गेले, म्हणजे बहुतेक ओडुन्झेही गेला. उलट चार क्वार्टरबॅक आधीच गेले तर ओडुन्झे उरतो, पण सौद्याचा फोन वाजत नाही. थोडक्यात, सरकायचं की घ्यायचं असा पर्याय एकाच वेळी आपल्या हातात बहुधा येणारच नाही. म्हणून दोन वेगळ्या याद्या करून ठेवायच्या.
राहता राहिला पिकांचा दुष्काळ. तो याच वर्षापुरता आहे. २०२५ ला आपली पहिली फेरी आहे आणि दुसऱ्या फेरीचे दोन, आपला आणि कॅरोलायनाचा. शिवाय फील्ड्सच्या बदल्यातला सहाव्या फेरीचा पिक, तो पिट्सबर्गकडून ५१ टक्के डाव खेळला तर चौथ्या फेरीचा होईल. तेवढ्यासाठी हातचा ओडुन्झे सोडून पळत्या ७७ च्या पाठी लागू नका.

नेपरव्हिलकर
मान्य, फोन वाजला नाही तर काही करता येत नाही. मग ओडुन्झे गेलेला आणि फोनही नाही, तेव्हा कोण? माझं मत टर्नर. ४० यार्ड ४.४६ सेकंदांत, दहा सॅक, हात ३४ इंचांच्या वर.

टॅकलवाला
टर्नर २४७ पौंडांचा आहे. प्रशिक्षक एबरफ्लूसच्या बचावात चारजण खाली हात टेकून उभे असतात, आणि टोकाच्या माणसाला आधी धावण्याची खेळी रोखायची असते. लेफ्ट टॅकल आणि टाइट एंड (टॅकलशेजारी उभा राहणारा) दोघे मिळून अंगावर आले की २४७ पौंड पाच यार्ड मागे जातात. अलाबामात तो बहुतांशी उभ्यानेच सुरुवात करायचा. व्हर्स २५४ चा आहे. आकड्यात फरक फक्त सात पौंडांचा, पण त्याचं सगळं बळ दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर ठेवून ढकलण्यात आहे. वेग ४.५८, फ्लोरिडा स्टेटमध्ये दोन्ही वर्षं नऊ-नऊ सॅक. आपल्या पद्धतीला व्हर्स. पण मग नवव्याची किंमत मोजून घेतला असं होईल, हेही खरं.

शॉमबर्गवाली
लातूचं नाव वर आलंय म्हणून. हातांचं तंत्र या वर्षी त्याच्याएवढं कोणाचंच नाही, यूसीएलएमध्ये गेल्या वर्षी १३ सॅक. पण वॉशिंग्टन विद्यापीठात असताना मानेच्या दुखापतीमुळे डॉक्टरांनी त्याचा खेळ बंद केला होता, नंतर परवानगी मिळाली. अशा खेळाडूचा निर्णय फिल्म बघून होत नाही. संघाचे डॉक्टर काय लिहितात यावर होतो, आणि ते कागद आपल्याला दिसत नाहीत. त्यामुळे तो पाचव्यावर गेला किंवा तिसाव्यावर घसरला तरी 'हे कसं काय' म्हणायचं नाही.

तिसरा_डाउन
छान चाललंय. ७५ आणि १२२ चं पण बोला, नाहीतर ते अनाथ राहतील.

ऑल२२
७५ ला आतली लाइन किंवा दुसऱ्या बाजूचा एज. सेंटरला (लाइनच्या मधल्या जागेवर) शेल्टन आणि बेट्स दोघेही तात्पुरते आहेत. जॉर्जियाचा सेड्रिक व्हॅन प्रॅन-ग्रेंजर बघा. दोन राष्ट्रीय विजेतेपदांच्या संघांचा सेंटर, समोरची मांडणी ओळखून शेजाऱ्यांना हाका देण्यात पक्का. नव्या क्वार्टरबॅकचं अर्धं ओझं तिथेच कमी होतं. हातापायांत वेग बेताचा, त्यामुळे ७५ ला घेतला तर थोडा महाग पडेल.

पहाटे_साडेपाच
१२२ ला आयोवाचा पंटर (लाथेने चेंडू दूर मारणारा) टोरी टेलर. मूळचा मेलबर्नचा. गेल्या हंगामात ४,४७९ यार्ड पंट करून एका हंगामाचा कॉलेजचा विक्रम केला.

टॅकलवाला
विल्यम्स, मूर, ॲलन घेऊन पंट करायची? चार पिकांतला एक पंटरवर? चेष्टा पुरे.

पहाटे_साडेपाच
चेष्टा नाही. चौथ्या फेरीतला लाइनमन पहिल्या वर्षी बाकावर बसतो, पंटर पहिल्या सामन्यापासून खेळतो. दर पंटला चार-पाच यार्ड जादा मिळाले आणि सामन्यात चार पंट झाल्या तर हिशेब तुम्हीच करा.

तिसरा_डाउन
माझी यादी लिहून ठेवतो. ओडुन्झे उरला तर तो. नसेल आणि फोन आला तर लास व्हेगास किंवा न्यू ऑर्लिन्स, आणि तिथे व्हर्स. दोन्ही नाही तर फशानू की टर्नर यावर टॅकलवाला आणि नेपरव्हिलकर यांनी २५ तारखेपर्यंत भांडून घ्यावं.
गुरुवारी शिकागोच्या वेळेने संध्याकाळी ७ ला सुरू. प्रत्येक संघाला दहा मिनिटं, म्हणजे नववा नंबर साडेआठच्या आत येईल. पुण्यात तेव्हा शुक्रवारची सकाळ झालेली असेल, साडेपाचला टीव्हीसमोर बसलात तर चुकणार नाही.

नेपरव्हिलकर
२४७ पौंड हे कॉम्बाइनचं (ड्राफ्टआधीच्या चाचणीचं) वजन आहे हो, टॅकलवाला. व्यायामशाळेत एक उन्हाळा घालवला की दहा पौंड सहज चढतात.

टॅकलवाला
आणि ४.४६ चे ४.६० होतात. मग व्हर्सच घेतला असता की!