घरच्या गॅरेजमध्ये सँड बग्गी बनवू द्यावी का?

गोदाकाठ
नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या बंगल्याला एका गाडीपुरतं गॅरेज आहे. भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना तिथे सँड बग्गी, म्हणजे वाळूत चालणारी हलकी गाडी, बनवायची आहे: नळ्यांचा सांगाडा, दोन सीटा, मागे इंजिन, रुंद टायर. ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, साफ विरोध आहे. माझं मत उलट आहे. ते इथे फोरमवर मांडतो, ज्यांना खोडायचंय त्यांनी खोडावं.

नाशिक हे यंत्रांचं गाव आहे. महिंद्राच्या गाड्या इथे जुळतात, बॉशचे इंजेक्टर इथे बनतात, अंबड-सातपूरला गल्लोगल्ली लेथ आहेत. आणि याच गावात इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून तयार आणतात, वर काळं बाइंडिंग करून जमा करतात. मला याची चीड येते. तीन पोरं स्वतःहून ग्राइंडर हातात घ्यायला तयार असतील तर त्यांना अडवायचं कशाला?

बेत असा आहे. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) असा पुढचा अख्खा संच उचलायचा आणि सीटच्या मागे बसवायचा. झाली मागच्या चाकांवर चालणारी गाडी, वेगळा डिफरन्शिअल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) शोधायला नको, रिव्हर्सही आयता मिळतो. बाइकचं इंजिन घेतलं तर या दोन्ही गोष्टी स्वतः कराव्या लागतात. पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या भंगार ८०० चे सस्पेन्शनचे स्ट्रट आणि चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक.

कल्पना जुनीच आहे. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स या होड्या बांधणाऱ्या माणसाने फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रणेवर फायबरग्लासची बॉडी चढवून मेयर्स मँक्स बनवली. इंजिन मागे, त्यामुळे वजन चालत्या चाकांवर आणि पुढची चाकं हलकी, म्हणून वाळूत रुतत नाही. १९६७ मध्ये तिने मेक्सिकोतल्या तिहुआना आणि ला पाझ यांमधलं अंतर ३५ तासांच्या आत कापलं. तीही एका माणसाच्या डोक्यातून निघालेली गाडी होती, कुठल्या कंपनीच्या नाही.

गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. सिन्नरजवळ आमची मुरमाड जमीन आहे, तिथेच चालवायची.

कागदपत्रं
माझा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक किंवा इतर कुठल्याही ठिकाणी चालवता येत नाही. सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे, जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. नदीपात्र आलं, गायरान आलं, धरणाचा काठ आला. तुमच्या बग्गीची नोंदणी होणार नाही, कारण नव्या वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून पास व्हावा लागतो आणि ती वाट उत्पादकांसाठी आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची किक मारून सुरू होणारी जीप आठवते ना? २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच वेळी ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही लिहिलं. बदल्यात बोलेरो दिली. कौतुक झालं, पण कायद्यात जागा मिळाली नाही.

आणि विमा? शेतात मित्राचा मणका मोडला तर कुठली कंपनी पैसे देणार आहे?

गोदाकाठ
कागदपत्रं, याच कायद्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतून बंदिस्त आवारापुरतं वापरायचं खास वाहन वगळलेलं आहे. आमची जमीन खाजगी आहे.

कागदपत्रं
शब्द नीट वाचा, "कारखाना किंवा इतर बंदिस्त आवार". तुमच्या जमिनीला कुंपण आहे का? मधून वहिवाटीची वाट जाते का? सिन्नरकडे बांधावरून गावची वाट जात नाही असं शेत दाखवा. शिवाय इंदिरानगरातून सिन्नरला गाडी नेणार कशी? ट्रकवर चढवूनच न्यावी लागेल, प्रत्येक वेळी. पोरं दोनदा ट्रकचं भाडं देतील, तिसऱ्यांदा पहाटे चारला स्वतःच चालवत नेतील. वय असतं ते.

अंबडचा वेल्डर
मी फॅब्रिकेशनचं काम करतो, माझी शेड आहे. कायद्यावर बोलत नाही, नळीवर बोलतो. गोदाकाठ, तुमच्या लिहिण्यात इंजिन आहे, टायर आहे, सांगाडा कशाचा ते नाही. तीच मुख्य गोष्ट आहे.

पोरं माझ्याकडेही येतात. "काका, एक इंची पाइप द्या." एक इंची म्हणजे कुठली? प्लंबिंगची एक इंची नळी बाहेरून ३३.७ मिमी भरते, कारण ते माप आतल्या भोकाचं असतं. आणि बग्गीच्या स्पर्धेच्या नियमात जी एक इंच लिहिलेली असते ती बाहेरून २५.४ मिमी. पोरं ड्रॉइंगवर एक काढतात, हातात दुसरी घेऊन जातात. प्लंबिंगची बी क्लास नळी जाडीला ३.२ मिमी, म्हणजे दिसायला दणकट. पण ती पाण्याच्या दाबासाठी असते. तिला लांबीत शिवण असते आणि पोलादात कार्बन किती ते दुकानदार सांगू शकत नाही. गाडी उलटली की सांगाड्यावर मार एका बाजूने, एका झटक्यात येतो. शिवण नेमकी तिथे आली तर ती उसवते.

त्यातून स्वस्त मिळते म्हणून जीआय नळी घेतात. बंद गॅरेजमध्ये जस्ताचा लेप असलेली नळी वेल्ड केली की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घरचे म्हणतात मलेरिया.

नळीला नळी जोडताना टोक माशाच्या तोंडासारखं गोल कापून बसवावं लागतं, फट कुठेच दिसता कामा नये. नवशिका सरळ कापतो आणि फटीत रॉड भरतो. वरून वेल्ड सुंदर दिसतं, आत पोकळ. ग्राइंडर मारून रंग दिला की मलासुद्धा बघून कळणार नाही.

तरी मी विरोधात नाही. गॅरेजमध्ये गाडी जोडा, सांगाडा गॅरेजमध्ये करू नका. तो शेडमध्ये, सीमलेस, म्हणजे बिनशिवणीच्या, नळीत, रोज वेल्डिंग करणाऱ्या हाताने व्हावा.

पिथमपूर रिटर्न
मी कॉलेजात असताना बाहा एसएईच्या, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बग्गी बनवण्याच्या स्पर्धेच्या, टीममध्ये होतो. वेल्डरकाकांचं म्हणणं नियमपुस्तकातही आहे: मुख्य नळ्यांना किमान ०.१८ टक्के कार्बनचं पोलाद, २५.४ मिमी व्यास, ३ मिमीच्या आसपास जाडी. पण माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो गोदाकाठ यांच्या विरोधात जातो.

आम्ही काय शिकलो ते बनवताना नाही, तपासणीत शिकलो. परीक्षक सांगाड्याची जाडी मोजतात. गाडी पळवून ब्रेक मारायला लावतात, चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत तर शर्यतीत उतरताच येत नाही. इंजिन बंद करायचे दोन स्विच लागतात, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरून कुणालाही दाबता येईल असा. हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून दंडाला पट्टे, कारण उलटताना माणूस आपोआप हात टेकवायला बाहेर काढतो आणि सांगाडा त्याच हातावर येतो. हे घरच्या गॅरेजमध्ये कोण विचारणार? मामा विचारेल? तुम्हाला माहीत होतं का?

दुसरं, गाडी उलटण्याचं गणित. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट; उत्तर जितकं लहान तितकी गाडी उलटायला सोपी. अंतर १३०० मिमी आणि उंची ५०० असेल तर उत्तर १.३ येतं, ठीक आहे. पण दोन माणसं बसली, सीट थोडी उंच घेतली, खडकासाठी सस्पेन्शन उचललं, की उंची ६५० होते आणि उत्तर १ वर येतं. वाळूत गाडी घसरून सुटते. मुरमात चाक दगडाला किंवा चाकोरीला अडतं आणि गाडी तिथेच पलटी खाते. सँड बग्गी मुरमात चालवणार म्हणता, तेव्हा मला याचीच भीती वाटते.

कॉलेजातून करू द्या. मार्गदर्शक असतो, जाब विचारणारं कुणीतरी असतं.

गोदाकाठ
पिथमपूर, दंडाचे पट्टे माझ्या यादीत नव्हते, आता आहेत. पण "कॉलेजातून करू द्या" हे पटत नाही. टीममध्ये पंचवीस पोरं असतात. वेल्डिंग दोघं करतात, चालवतो एक, बाकीचे टी-शर्ट घालून फोटोत. त्यातून गाडीचा निम्मा खर्च प्रायोजक शोधण्यात आणि प्रवासात जातो. भाच्याच्या कॉलेजात तर टीमच नाही. ज्याच्या कॉलेजात टीम नाही त्याने काय करायचं, व्हिडिओ बघायचे?

तपासणी हवी, हे मान्य. मग तपासणाराच गॅरेजमध्ये बोलावू. नाशकात पूर्वी रॅली व्हायच्या, गाड्या तयार करणारी माणसं अजून आहेत.

निफाडची
सगळे लोखंडावर बोलताय म्हणून लिहिते. नाव "सँड बग्गी", आणि नाशकात वाळू म्हटली की गोदावरी नाही तर दारणा. आज म्हणाल सिन्नरचं शेत, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पोरं पात्रात उतरतील. मोटारसायकली आत्ताच उतरतात.

मार्च ते मे या दिवसांत टिटवी उघड्या खड्यांवर चार अंडी घालते. घरटं नसतं, खड्यांच्याच रंगाची अंडी असतात, चार पावलांवरून मला दिसत नाहीत. नदीसुरय वाळूच्या बेटावर घालतो. ताशी तीसने जाणाऱ्या बग्गीतून ती दिसण्याचा प्रश्नच नाही. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पण पक्षी पाटी बघून बसत नाहीत, वरच्या अंगाला सगळं पात्र त्यांचंच आहे.

बनवायला माझी ना नाही. पात्रात उतरवायला आहे, आणि त्यावर मी मागे हटणार नाही.

गोदाकाठ
निफाडची, पात्रात नाही. हे भाच्याकडून लिहून घेतो.

शेजारीण
इंदिरानगरातच राहते. तुमच्या गॅरेजला लागून कुणाची तरी बेडरूम असेल, कुणाचं बाळ असेल. ग्राइंडरचा आवाज बंद दारातून येतो. आणि पेट्रोलची टाकी, ठिणग्या, घराची एकच वायर, त्यावर वेल्डिंग मशीन. यावर अजून कुणीच बोललं नाही. ताईंचं बरोबर आहे.

भंगारवाला ८००
इंजिन कुठून घेताय? अंबड लिंक रोडला इंजिन मिळतं, कागद मिळतो का ते बघा. ज्या गाडीचं इंजिन आहे तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा आणि त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवर घासून वाचा. नंबर खोडलेला दिसला तर हात लावू नका.

आणि संच मागे बसवताना तोंड पुढेच ठेवा. उलटा फिरवून बसवला तर चार गिअर रिव्हर्सचे आणि पुढचा एकच. टायरॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) आतली टोकं जिथे रॅकला जोडलेली होती, बरोबर त्याच जागी चेसिसला पक्की करा. इकडेतिकडे केली तर प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं स्वतःहून वळतील.

कागदपत्रं
वरची चर्चा वाचून माझं मत बदललेलं नाही. गाडी चांगली बनेल, असं आता वाटतं. म्हणूनच ती जास्त चालवली जाईल, आणि विमा नाही हा मुद्दा तसाच आहे. निदान कुंपण आधी घाला.

गोदाकाठ
कुंपणाचं बरोबर आहे, ते आधी. वेल्डिंग घरी नाही, त्यामुळे शेजारीणबाईंची निम्मी तक्रार मिटते. ग्राइंडर दुपारी चार ते सहा, त्यापुढे नाही. पण बनवायची हे नक्की आहे. ताईशी मी बोलतो. २५.४ बाय ३ ची सीमलेस नळी सुटी कुठे मिळेल, गठ्ठा न घेता?

अंबडचा वेल्डर
सुटी माझ्याकडे मिळेल, सहा मीटरची लांबी. रविवार सोडून कधीही तिन्ही पोरांना पाठवा, पायात बूट हवेत. आधी तुकडे कापायला आणि जोडायला लावीन, मग ते तुकडे व्हाइसमध्ये धरून घणाने मोडीन. जोड तुटला तर परत. नळी वाकली आणि जोड टिकला तर पुढचं बोलू.