मदत हवी आहे: उबुंटूवर बॅश रोजच्या कामासाठी नीट लावायचंय (मराठी फाईलनावं, हिस्टरी, प्रॉम्प्ट)

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण कॉपीराइट संपलेली जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोतावर चढवतो. माझ्याकडे स्कॅनची पीडीएफ येते, तिची पानं सुटी करायची, टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने ओसीआर काढायचा (म्हणजे चित्रातला मजकूर टाइप केलेल्या अक्षरांत आणायचा), चुका तपासायच्या आणि गिटमध्ये (फाईलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम) टाकायचं, एवढं माझं काम. सगळं टर्मिनलमधूनच करते, कारण चारपाचशे पानांचं पुस्तक माऊसने एकेक पान उघडत करायला गेलं तर वर्ष जाईल. उबुंटू २४.०४ आहे, बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) जे त्याच्यासोबत येतं तेच.

आता रोज तासनतास यातच असते म्हणून वाटतंय की हे एकदा बसून आपल्या सोयीचं करून घ्यावं. पण नेटवरून कुणाची तरी तीनशे ओळींची तयार बॅशआरसी (बॅशच्या सेटिंगची फाईल) आणून चिकटवायची नाहीये, प्रत्येक ओळ काय करते ते मला कळलं पाहिजे, कारण उद्या गटातल्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवर तेच लावून द्यायचंय आणि काही बिघडलं तर विचारणार मलाच.

अडचणी अशा. फाईलींची नावं मराठीत आहेत. एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) केलं की छान दिसतात, पण गिट स्टेटस केलं की त्याच नावाच्या जागी अवतरणात \३४०\२४४\२५६ असे आकडेच्या आकडे येतात, कुठली फाईल बदलली तेच कळत नाही, आणि आमच्या कामात तेच तर बघायचं असतं.

दुसरं, प्रॉम्प्टला (कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराला) रंग दिलाय, हिरवा, म्हणजे लांबलचक आउटपुटमध्ये माझी कमांड कुठे सुरू झाली ते पटकन सापडतं. पण तेव्हापासून कमांड मोठी झाली की ती खालच्या ओळीवर जातच नाही, त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन आधीच्या अक्षरांवर चढते. एंटर मारलं तर चालते बरोबर, फक्त दिसतं भलतंच.

तिसरं हिस्टरीचं, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या यादीचं. दोन-तीन टर्मिनल उघडी असतात आणि आमच्याकडे लाइट कधीही जाते. गेली की त्या दिवशीच्या सगळ्या कमांड गेल्या. टेसरॅक्टचे कुठले ऑप्शन एखाद्या फिकट छपाईच्या पुस्तकाला लागू पडले होते ते परत शोधणं फार जिवावर येतं हो.

आणि मराठी नाव टाइप करायला दर वेळी कीबोर्ड बदलायचा, मग परत इंग्रजी, यावर काही उपाय? काही जण म्हणतात सरळ झेडशेल (बॅशऐवजी वापरायचं दुसरं शेल) आणि ओह माय झेडशेल (त्याच्या तयार सेटिंगचा संच) टाक, सगळं सुटेल. खरंच जावं का तिकडे?

प्रतिसाद १

ताई, काम फार मोलाचं करताय. तुमचं बॅशमध्येच सुटेल, उगाच शेल बदलू नका.

गिटचं आधी. ते आकडे म्हणजे तुमचंच अक्षर आहे, \३४०\२४४\२५६ हे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मधल्या 'म'चे तीन बाइट, अष्टमान (फक्त ० ते ७ आकड्यांच्या) पद्धतीत लिहिलेले. आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांपलीकडचं) नाव दिसलं की गिट मुळातच असं लिहितं. गिट कॉन्फिगमध्ये ग्लोबल ठेवून कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा, त्याच क्षणी मराठी दिसायला लागेल.

प्रॉम्प्टचं कारण असं की रंगाचे कोड पडद्यावर दिसत नसले तरी बॅश ते अक्षरं म्हणून मोजतं, त्यामुळे ओळ कुठे संपते याचा त्याचा हिशोब चुकतो. पीएसवन या व्हेरिएबलमध्ये (प्रॉम्प्ट कसा दिसावा ते यात असतं) रंग सुरू करणाऱ्या कोडच्या आधी \[ आणि नंतर \] टाका, रंग बंद करणाऱ्या कोडलाही तसंच. दोन्हीकडे पाहिजे, एकीकडे राहिलं तरी ओळ चढणारच.

हिस्टरी बॅश डोक्यात ठेवतं आणि शेल बंद होताना फाईलमध्ये लिहितं, लाइट गेली की ते लिहिणं होतच नाही. प्रॉम्प्ट कमांड नावाचं व्हेरिएबल आहे, त्यात 'हिस्टरी डॅश ए' ठेवा, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर लगेच फाईलमध्ये जाईल. बरेच जण सोबत 'डॅश एन'पण घालायला सांगतात, म्हणजे एका टर्मिनलचं दुसऱ्यात लगेच येतं, पण मला ते नको वाटतं, एका खिडकीत ओसीआर आणि दुसरीत गिट चालू असताना वरचा बाण दाबला की भलत्याच खिडकीतली कमांड हाताला लागते. शिवाय उबुंटूच्या बॅशआरसीत हिस्टसाइज १००० आणि हिस्टफाइलसाइज २००० असतं (किती कमांड डोक्यात आणि किती फाईलमध्ये ठेवायच्या ते), तुमच्या कामाला ते अगदीच कमी. नव्या ओळी घालू नका, त्याच दोन ओळी शोधून आकडा ५०००० करा. हिस्टटाइमफॉरमॅट पण लावा, कुठली कमांड कुठल्या दिवशी दिली ते कळतं.

प्रतिसाद २

कीबोर्ड बदलण्यावर माझा उपाय: होम फोल्डरमध्ये डॉट इनपुटआरसी नावाची फाईल (कुठली कळ काय करेल ते ठरवणारी) करा आणि टॅबला मेनू-कंप्लीट लावा. मग टॅब दाबत राहिलं की फोल्डरमधली नावं एकेक करून समोर येतात, एकही मराठी अक्षर टाइप करावं लागत नाही. आणि नावांच्या आधी इंग्रजी आकडे ठेवता आले तर उत्तमच, आकडा टाइप केला, टॅब दाबलं, पुढचं मराठी नाव आपोआप. त्याच फाईलमध्ये वरच्या बाणाला हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड लावा, 'टेस' एवढं लिहून बाण दाबला की टेसरॅक्टच्याच जुन्या कमांड येतात. यासाठी मी दुसरं सगळं सोडून देईन पण हे सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण सुटत नाही. कमांडमध्ये मराठी नाव असलं की जोडाक्षरांपाशी कर्सर एक-दोन घरं पुढेमागे दिसतो, कारण मात्रा आणि हलंत किती जागा घेतात याबाबत शेल आणि टर्मिनलचं एकमत होत नाही. तिथे बॅकस्पेसने झगडू नका. व्हिज्युअल या व्हेरिएबलमध्ये 'कोड डॅश डॅश वेट' ठेवा (व्हीएस कोड असेल तर) आणि कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबा, पूर्ण कमांड एडिटरमध्ये उघडते. फक्त लक्षात ठेवा, सेव्ह करून बंद केलं की ती लगेच चालते, चालवायची नसेल तर सगळा मजकूर पुसून सेव्ह करा.

आणि रोजचं पीडीएफ ते ओसीआर एका शब्दात आणायला एलियस (लांब कमांडचं छोटं नाव) नको, फंक्शन (एका नावाखाली अनेक कमांड) लिहा, एलियसला मधल्या जागी फाईलचं नाव देता येत नाही. आत पीडीएफटूपीपीएम (पीडीएफच्या पानांची चित्रं करणारी कमांड), रिझोल्यूशन ३००, मग प्रत्येक चित्रावर टेसरॅक्ट, भाषा एमएआर. डॉलर-एक (म्हणजे फंक्शनला दिलेलं फाईलचं नाव) दुहेरी अवतरणातच लिहा, नाहीतर नावात स्पेस आली की दोन फाईली समजून घोटाळा होतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! गिटची सेटिंग केली आणि सगळी नावं मराठीत आली, खूप बरं वाटलं बघून. प्रॉम्प्टपण सरळ झाला. फंक्शन बॅश एलियसेस फाईलमध्ये ठेवलंय, उबुंटू ती आपोआप वाचतं म्हणून, आणि प्रत्येक ओळीवर मराठीत कमेंट लिहिलीये. टॅबचं तर इतकं सोयीचं आहे की गटातल्या सगळ्यांना सांगणार आहे.

शेवटचं एक विचारते. गटात एकजण मॅकवर आहे, त्यांना हेच सगळं दिलं तर चालेल का?

प्रतिसाद १

फंक्शन चालेल, टेसरॅक्ट आणि पॉपलर (पीडीएफटूपीपीएम यातच येतं) होमब्रूने (मॅकवर असे प्रोग्रॅम टाकायचं साधन) टाकून घ्यायला सांगा, मराठीचा डेटापण लागेल. गिटची सेटिंग तीच. बाकीचं नाही चालणार, कारण २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकवर झेडशेल आहे आणि ते इनपुटआरसी वाचतच नाही, प्रॉम्प्टमध्ये \[ ऐवजी टक्का आणि महिरपी कंस लागतो. मॅकवरचं बॅश वापरा असंही सांगू नका, ते लायसन्सच्या कारणाने अजून ३.२ वरच आहे, म्हणजे २००६ चं. पण टॅबने नावं फिरवणं झेडशेलमध्ये आधीपासूनच असतं, टॅब दोन-तीनदा दाबून बघायला सांगा. हिस्टरीसाठी झेडशेलआरसीत 'सेटऑप्ट इंक अपेंड हिस्टरी' (setopt INC_APPEND_HISTORY) एवढी ओळ टाकली की काम झालं.