वृद्धिघटक अक्षतंतूतून स्वतः प्रवास करतो, की नुसता निरोप धाडतो?

मेघना:
चेतापेशीच्या लांब तंतूच्या, म्हणजे अक्षतंतूच्या, टोकाला एनजीएफ (चेतापेशींना जगवणारा वृद्धिघटक) आपल्या ट्रकए ग्राहीला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, दोघं मिळून एका पुटिकेत (पटलाच्या इवल्या पिशवीत) शिरतात आणि डायनिन हे ओझी वाहणारं प्रथिन ती पेशीतल्या रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून पेशीकायापर्यंत, म्हणजे केंद्रक असलेल्या मुख्य भागापर्यंत, ओढत नेतं; त्यावरच पेशी जगते. एम.एस्सी.ला आपण हे असंच शिकवतो. मला हे खटकतं. 2002 साली मॅकइनिस आणि कॅम्पेनॉट यांनी एनजीएफ मण्यांना पक्का जोडला, म्हणजे पेशीला तो गिळता येऊ नये, आणि ते मणी फक्त टोकांपाशी ठेवले. पेशी तरीही जगल्या! मग वाहतुकीशिवाय पेशी मरते, असं ठामपणे कसं सांगायचं?

श्रीरंग:
मेघनाताई, एका प्रयोगावर एवढी मोठी शंका नको. 1974 मध्येच हेंड्री आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एका डोळ्यात किरणोत्सारी एनजीएफ टोचला होता. तो मानेतल्या त्याच बाजूच्या चेतागुच्छिकेत (चेतापेशीकायांच्या पुंजक्यात) जास्त साठला. 2004 मध्ये डायनिन अडवल्यावर टोकाकडून मिळणारा जगण्याचा आधार तुटला, हेही दिसलं.

मेघना:
एनजीएफ वर, म्हणजे पेशीकायाकडे, जातो, यावर माझा वाद नाहीच. तो गेल्यामुळेच पेशी जगते का, एवढंच विचारतेय. कॅम्पेनॉट यांच्याच गटाने 2009 मध्ये वेगळी शक्यता मांडली: एनजीएफचा पुरवठा तुटला की टोकाकडून मरणाचा संदेश निघतो, आणि एनजीएफ तो तिथेच दाबून धरतो. असं असेल तर काहीच वर जायची गरज नाही.

सुलभा:
अंतराचा विचार कुणीच करत नाहीये. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेले अक्षतंतू काही मिलिमीटरचे. आपल्या पायाच्या बोटापासून कण्यालगतच्या गुच्छिकेपर्यंत जवळपास एक मीटर! क्वांटम डॉट (चमकणारे अतिसूक्ष्म कण) लावून पाहिलं तेव्हा एनजीएफच्या पुटिका थांबत थांबत, सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर वेगाने जाताना दिसल्या. म्हणजे एक मीटरला बारा दिवस. पुटिकेविना जाणारा सुटा फॉस्फेटचा निरोप, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून दिलेला संकेत, इतके दिवस टिकणार नाही, वाटेतली फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेज विकरं तो पुसून टाकतील. पुटिकेत मात्र एनजीएफ ग्राहीला आतून धरून बसलेला असतो, त्यामुळे ग्राही वाटभर जागा राहू शकतो. मला तरी पुटिकेचंच पारडं जड वाटतं.

श्रीरंग:
सुलभाताईंशी सहमत. तरी मेघनाताई, मणी टोकांपाशी ठेवून डायनिन अडवला आणि पेशी जगल्या, तर मी माझं मत बदलेन.