मुलगा स्क्वॉश खेळतो, ट्रिनिटी कॉलेज (हार्टफर्ड) डोक्यात आहे: सल्ला हवा

दादरची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा अकरावी सायन्सला आहे, राज्य मंडळ. आठ वर्षं स्क्वॉश खेळतोय, राज्य स्पर्धांत पहिल्या आठात असतो. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये स्क्वॉश येणार हे आपल्या मुंबईतच ठरलं ना, ऑक्टोबर २०२३ च्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, तेव्हापासून तर त्याचं दुसऱ्या कशात लक्ष नाही. त्याला अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजात जायचंय. आम्ही घरात हे नावही ऐकलं नव्हतं. एका सल्लागारांकडे गेलो तर 'पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती मिळवून देतो' म्हणून दीड लाख आगाऊ मागितले. ह्यांचं म्हणणं, भरून टाकू. माझं मन धजत नाही. कुणाला माहिती आहे का?

नववा_गडी:
ताई, एक रुपयाही भरू नका. ट्रिनिटी एनसीएएच्या (अमेरिकेतले कॉलेज खेळ चालवणारी संघटना) डिव्हिजन थ्रीमध्ये आहे आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला नियमानेच मनाई आहे. जी गोष्ट अस्तित्वातच नाही ती कुणी मिळवून कशी देणार?

पण मुलाची निवड चुकलेली नाही हेही सांगतो. जेमतेम २२०० विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. फुटबॉल, बास्केटबॉल आपल्यासारख्याच छोट्या कॉलेजांशी खेळतात. स्क्वॉशचं मात्र वेगळं आहे. पुरुषांचं कॉलेज स्क्वॉश एनसीएए चालवत नाही, त्याची स्वतंत्र संघटना आहे, त्यामुळे ट्रिनिटी थेट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनशी भिडतं. १९९० च्या दशकात प्रशिक्षक पॉल असायंते आणि तेव्हाचे अध्यक्ष यांनी परदेशी खेळाडूंसाठी दार उघडलं. मग १९९८ पासून सलग २५२ लढती जिंकल्या, १९९९ ते २०११ अशी ओळीने तेरा राष्ट्रीय विजेतेपदं! जानेवारी २०१२ मध्ये येलने ५-४ ने हरवलं तेव्हा कुठे ती साखळी तुटली. आपल्या मुंबईचा मानेक माथुर याच काळात तिथे खेळला आणि पुढे व्यावसायिक दुहेरीत मोठा झाला.

लढतीत नऊ खेळाडू नऊ जणांशी खेळतात, पाच जिंकले की लढत जिंकली. पहिल्या क्रमांकाचा गुण आणि नवव्याचा गुण सारखाच. मी दुसऱ्या एका कॉलेजकडून चार वर्षं आठवा-नववा खेळलो, म्हणून हे कळकळीने लिहितोय. राज्यात पहिल्या आठात असणारा मुलगा ट्रिनिटीच्या पहिल्या नवात बसेलच असं नाही. तिथे इजिप्त, मलेशिया, इंग्लंडची मुलं येतात. म्हणून बेट्स, बोडन, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स यांनाही लिहायला सांगा. सगळी ट्रिनिटीच्याच नेस्कॅक नावाच्या क्रीडा गटातली, सगळीकडे स्क्वॉशचा संघ आहे.

दादरची_आई:
मनापासून आभार. मग पैशांचं कसं? वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर दाखवतात. पाहूनच छातीत धस्स झालं.

नववा_गडी:
कुटुंबाच्या उत्पन्नावर मदत मिळते. त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज भरायचा, मुलाच्या वडिलांची सॅलरी स्लिप, आयकर विवरण सगळं लागतं. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही दोन कॉलेजं परदेशी मुलांचा प्रवेश ठरवताना मदत मागितली आहे की नाही हे पाहत नाहीत, आणि प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत करतात. मात्र प्रवेश अतिशय अवघड. खेळाचा उपयोग एवढाच की प्रशिक्षकाला मुलगा हवा असेल तर तो प्रवेश समितीकडे शब्द टाकतो. मार्क नसतील तर तो शब्दही चालत नाही. आणि 'अर्ली डिसिजन'चा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, मिळालं तर जायचं असं बंधन असतं. मदत अपुरी पडली तर सोडवून घेता येतं, पण आधी घरात आकडे मांडून मगच सही करा.

पोहणारीची_आई:
माझी मुलगी अशाच एका छोट्या कॉलेजात पोहायची. दुसऱ्या वर्षी खांदा गेला, पोहणं थांबलं. मला वाटलं आता फीचं काय! पण मदत खेळावर नव्हतीच, एक डॉलर कमी झाला नाही. तिने बायॉलॉजीत पदवी घेतली. मुलाला एकदा विचारा, रॅकेट हातात नसती तरी तिथे चार वर्षं राहिला असतास का? मी हा प्रश्न विचारला नव्हता, नशिबाने उत्तर चांगलं निघालं.

हार्टफर्डकर:
मी इथे जवळच राहतो. गाव छोटं, न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या साधारण मधोमध. स्क्वॉशचा मोसम नेमका हिवाळ्यात येतो. बर्फातून चालत कोर्टावर जायची तयारी हवी. आला तर वरणभाताला घरी यायचं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दादरची_आई:
डोळ्यांत पाणी आलं वाचून. सल्लागारांना 'नको' म्हणून कळवलं. रात्री लेकाला तो प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ट्रिनिटीत नाही सांगता येत, पण बोडनचे विषय बघतो." प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवताना काय पाठवायचं?

नववा_गडी:
एक अख्खा सामना, सलग. निवडक फटके जोडून पाठवू नका. शक्यतो हरलेला आणि पाच गेमपर्यंत गेलेला पाठवा. चौथ्या गेमनंतर पाय कसे चालतात ते प्रशिक्षकाला बघायचं असतं. मेल मुलाने स्वतः लिहावा, तुम्ही नाही.