वजन अडलं म्हणजे चोरून खाताय?

मेथीदाणा
काल हिशेबी यांनी लिहिलं, "वजन अडत नसतं. माणसं चोरून खातात आणि थायरॉइडचं नाव पुढे करतात." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

वय ४४. जानेवारीत ७८ किलो होते, जूनमध्ये ६९. त्याला ११ आठवडे झाले, काटा हलायला तयार नाही. तेच दोन फुलके, तीच मुगाची आमटी, सकाळी तासभर चालणं. गणपतीत दोन मोदक खाल्ले, तेही वहीत लिहिलेत.

७८ किलोच्या देहाला रोज जेवढं लागतं, तेवढं ६९ किलोच्या देहाला लागत नाही. नऊ किलोचं ओझं उतरवून तोच रस्ता चालायचा, तर इंधन कमीच जळणार. शिवाय शरीर आणखी हात आखडतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा नुसतं बसून जळणाऱ्या कॅलरी त्यांच्या आकारमानाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० नी कमी भरल्या. २०१६ चा अभ्यास आहे. यात चोरी कुठे आली?

हिशेबी
ताई, दुखवायचं नव्हतं, पण मत तेच आहे. मी ९४ वरून ७५ वर आलोय, मधे ८२ ला माझंही अडलं होतं. तेव्हा मीही शरीरालाच दोष देत होतो.

१९९२ चा 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास बघा. बाराशे कॅलरी खाऊनही उतरत नाही म्हणणारे दहा लोक होते. चयापचय ठणठणीत. खाणं ४७ टक्के कमी सांगितलेलं, व्यायाम ५१ टक्के जास्त. थायरॉइडने वाढतात ते दोनचार किलो, त्यातही पुष्कळसं पाणी आणि मीठच. वहीत 'आमटी १ वाटी' लिहिता, फोडणीचं तेल लिहिता का?

सांजवात
फोडणीचं काढलंतच, तर मीही बोलते. रात्री दहाला पातेल्यात पाऊण वाटी भात उरतो. नातवाच्या ताटलीत अर्धी तूपसाखर पोळी. हे कोणाच्या पोटात जातं? माझे सासरे ७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेले, ताटात शीत राहिलेलं त्यांना खपत नसे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी भात टाकायला माझा हात पुढे होत नाही. आमच्या लेखी ते जेवण नसतंच, ओटा आवरणं असतं. वहीत कुठून येणार? पण त्याला 'चोरून खाणं' म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही.

हिशेबी
काकू, माझा डबा मी स्वतः करतो. तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय. आणि तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात.

दख्खनी
एवढ्या वह्या हव्यातच कशाला? डॉ. जगन्नाथ दीक्षित सर सांगतात तसं दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येकी ५५ मिनिटांत, मधे काही नको. माझे १२ किलो गेले, शुगरची गोळी सुटली.

गंगाफळ
आलं का शेवटी ५५ मिनिटांवर! आमचे काका लग्नाच्या पंगतीत घड्याळ लावून बसायचे. पहिल्या चार महिन्यांत सात किलो गेले, मग तेही अडले. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकून मी दर दोन तासांनी थोडं थोडं खाते, वरणभातावर तूप घेते. ॲसिडिटी गेली, चिडचिड गेली.

दख्खनी
वजन गेलं का, ते सांगा. दर दोन तासांनी खायचं तर माणसाने काम कधी करायचं? मोठा चमचाभर तूप म्हणजे सव्वाशे कॅलरी.

गंगाफळ
वजनच सगळं असतं का? पीसीओडी असलेल्या माझ्या बहिणीला दोनच जेवणांवर बसवलं, तर चार वाजता हातपाय थरथरायचे. तुमचं जमलं म्हणून साऱ्या जगावर लादू नका.

दख्खनी
मी लादलं नाही. बारा किलो गेले तो अनुभव लिहिला, तुम्ही लगेच काकांच्या पंगतीवर गेलात. आजाऱ्याने डॉक्टरला विचारून करावं, हे मी नेहमीच सांगतो.

कण्हेरी
दीक्षित-दिवेकर वाद २०१८ पासून ऐकतेय, दोन्हीकडचे लोक माझ्या ओपीडीत अडलेलं वजन घेऊन येतात. आधी औषधांची यादी दाखवा. इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, स्टिरॉइड, नैराश्यावरच्या काही गोळ्या वजन धरून ठेवतात. ज्याचा हिशेब बरोबर आहे त्याला खोटारडा ठरवून मोकळं होऊ नका.

हिशेबी, वजन उतरवायला सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजनही साधारण वर्षभराने थांबतं. भूक मेलेली असते, तरीही. ते काय चोरून खातात?

आणि मेथीदाणा, पोट मोजा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. काटा एवढं लपवू शकतो.

मेथीदाणा
दीक्षित-दिवेकर दुसरीकडे न्या, हात जोडते.

काल रात्री औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणाने तेल मोजलं. माझी पळी १८ मिलीची निघाली. वहीत मी तिला 'एक चमचा' लिहीत होते. दिवसाला पाच पळ्या, चौघांत वाटून माझ्या वाट्याला साडेबावीस मिली, लिहिलं होतं सहा. म्हणजे रोज सव्वाशे-दीडशे कॅलरी वहीबाहेर. उरलेला भात मी खात नाही, पण मुलीच्या डब्यातलं उरलेलं खाते. हिशेबी, इथे तुम्ही बरोबर आहात. लिहिताना जड जातंय.

पण हीच पळी जानेवारीतही होती. हाच डबा तेव्हाही उरत होता. आणि वजन उतरत होतं! पळी बदलली नाही, मी बदलले. याचं उत्तर द्या.

हिशेबी
यावर वाद नाही. जानेवारीत ती चूक पचत होती, आता पचत नाही, कारण गरज कमी झाली. इंजेक्शनचंही वाचलं, तसंच आहे. 'चोरून' हा शब्द चुकला, मागे घेतो. तेल मोजा हे मागे घेत नाही.

सांजवात
आणि ओट्याशी उभ्याने खाल्लेलंही लिहा म्हणावं, पुरुषांनाही.

मेथीदाणा
पोचलं. पळी माळ्यावर टाकली, डब्यात पाच मिलीचा चमचा ठेवलाय. सासूबाई म्हणाल्या, भाजी करपेल. पोट जूनमध्ये ९४ सेंमी होतं, आज ९१ भरलं. तीनदा मोजलं.