कोकणात ड्रॅगन नव्हता म्हणे!

साकव:
काल एकाने पोस्ट टाकली, 'ड्रॅगन हे चिनी-इंग्रजी खूळ, आपल्याकडे असलं काही नव्हतं, पोरांच्या टीशर्टवर कशाला हवंय'. रात्रभर डोक्यात बसलंय म्हणून लिहितो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ३२वं सूक्त बघा, इंद्र वज्राने अहीला, म्हणजे सापाला, मारून अडवलेलं पाणी सोडवतो. तो अही म्हणजे वृत्र, आणि अही हाच शब्द पारशांच्या अवेस्तात अझि होतो, तिथला अझि दहाक तर तीन तोंडांचा. ग्रीक द्राकोन म्हणजे तरी काय, मोठा साप. वेद राहू देत, आमच्या परसातल्या झऱ्यावर राखणदार आहे असं आजी सांगायची, अंगावर केस आलेला जुना नाग, पुरलेल्या हंड्यावर वेटोळं घालून. सोन्यावर बसलेला साप म्हणजे नॉर्स लोकांचा फाफनिरच की, फक्त आमचा देवगडात!

तिरफळ:
काहीही. राखणदाराला आपण नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो. त्याला भाल्याने भोसकायला घोड्यावरून कोण संत जॉर्ज येत नाही. वेंगुर्ल्याची सातेरी देवी म्हणजे वारूळ, नागाचं घर, आणि तिची आपण ओटी भरतो. मारायचा तो ड्रॅगन, पुजायचा तो नाग, एवढा साधा फरक आहे.

साकव:
मग चीनचा लुंग काय? तो पाऊस पाडतो, त्याला कोण मारत नाही, उलट पूजतात. आणि नाग पुजायचाच असेल तर कालियाच्या फण्यावर कृष्ण काय भोंडला खेळत होता?

तिरफळ:
कालियाला मारला नाही, रमणक द्वीपाला परत धाडला. वाचत जा जरा.

आमसूल:
ते केसवाल्या नागाचं कुणीतरी थांबवा रे. कात नीट उतरली नाही की तुकडा डोक्यावर चिकटून राहतो, तो लांबून तुऱ्यासारखा दिसतो. आता धामण गाईचं दूध पिते हेही येऊ दे कुणाकडून तरी.

खाजणातला:
पितेच. आमच्या गोठ्यात कपिलेच्या मागच्या पायाला वेढा घातलेली धामण मी या डोळ्यांनी बघितली, सातवीत होतो. सकाळी सडावर ओरखडे, दूध निम्मं.

आमसूल:
सापाला चोखायला ओठ नाहीत, दात आत वळलेले, सुईसारखे. सडाला लावले तर गाय लाथेने पाडवीपर्यंत उडवेल. धामण उंदरांमागे आली असणार, गाईला कासदाह झाला असणार. डॉक्टर बोलावला होता?

खाजणातला:
तुका काय कळता गोठ्यातला? पिशवीतलं दूध पिणाऱ्याने आम्हाला कास शिकवायची नाही.

आमसूल:
माझ्या घरी आजही दोन म्हशी आहेत. आणि तुमच्यासारख्यांमुळेच दिसेल ती धामण काठीने ठेचतात, मग उंदरांनी भात खाल्लं म्हणून रडतात.

कलमवाला:
धामण आणि ड्रॅगन दोन्ही ठेवा बाजूला. खरा राक्षस फुरसं. हातभर पण नाही, कातळावर दगडाखाली बसतं आणि अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज काढतं. माझ्या भावाला कलमाच्या आळ्यात पाचोळा काढताना बोटाला चावलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो तर लस संपलेली, पुढे न्या म्हणाले. टेम्पोच्या हौद्यात त्याचा हात धरून बसलो होतो, हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. वाचला, पण बोट गेलं. तुमच्या हंड्यावरच्या नागाने कुणाचं काय केलंय आजवर?

तिरफळ:
बाप रे. बोट ऐकून वाईट वाटलं खरंच.
साकव, तुमचा तो चिनी मुद्दा बरोबर आहे, घ्या, लिहून दिलं. म्हणा राखणदाराला ड्रॅगन. पण मग येत्या देवदिवाळीला झऱ्यावर नारळ तुम्ही ठेवायचा, आणि गाऱ्हाण्यात 'हे महाराजा, ड्रॅगनसाहेबा' असं मोठ्याने म्हणायचं, गावकऱ्यांसमोर.

साकव:
झऱ्यावर आता पंप बसवलाय चुलत्यांनी. राखणदार गेला असेल रमणक द्वीपाला.

खाजणातला:
कासदाह म्हणे. कपिला त्यानंतर आटली ती आटलीच.